शेवटच्या पानावरचं गाढव

गाढव का हसतंय?

हा प्रश्न सुजितनं थोरल्या भावाला विचारला, वहिनीला विचारला, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला विचारला आणि एकदा तर मशिनची लाइन बंद पडलेली असताना थेट सुपरवायझरला विचारला. (सुपरवायझरला वाटलं, हे आपल्याबद्दल चाललंय. त्या आठवड्यात सुजितनं गोडाऊन दोनदा झाडलं.) उत्तर मात्र त्याला कुणीच दिलं नाही.

गाढव होतं त्याच्या पुतणीच्या, पिंकीच्या, चित्रांच्या पुस्तकात. पुस्तक बारा पानांचं. रानात एक लाल बस येते, पानागणिक एकेक प्राणी तिच्यात चढतो, आणि शेवटच्या पानावर बस निघून गेलेली असते. स्टॉपवर एकटं गाढव उभं असतं, आणि ते पोट धरून हसत असतं. बस चुकलेला माणूस हसताना सुजितनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या निघोजे गावच्या स्टॉपवर तर बस चुकलेली माणसं जे बोलतात ते लहान मुलांच्या पुस्तकात छापताही येणार नाही.

सुजितचा थोरला भाऊ धम्मरत्न पहिल्या शिफ्टवरून आला की बरोबर पाच वाजता उंबऱ्यावर बसायचा. एका हातात चहा, मांडीवर पिंकी, पिंकीच्या मांडीवर पुस्तक. आवाज असा खणखणीत की घरमालक लक्ष्मणरावांच्या आठ खोल्यांच्या लाइनीत शेवटच्या खोलीपर्यंत सगळ्यांना रोज बस भरल्याचं कळायचं. गाढवाच्या पानावर आला की मात्र तो पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, "त्याचं उद्या."

चार महिन्यांपूर्वी धम्मरत्नला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. गाढवाचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून पिंकी पाच वाजता पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही, नुसती बसायची, आणि साडेपाचला पुस्तक उचलून आत ठेवायची. तिच्या आईनं, आम्रपालीनं, दोनदा वाचायला घेतलं. दोन्ही वेळा बसमध्ये दोन प्राणी चढले आणि पुढं तिचा आवाजच चढेना. सुजितनं तर पुस्तकाला हातही लावला नव्हता. आठवीतून शाळा सोडल्यापासून त्याचं वाचन गेटवरच्या पाट्या आणि मालावरची लेबलं एवढ्यावर आलं होतं. साधं अक्षर असलं तर गाडी निघायची. जोडाक्षर दिसलं की स्पीडब्रेकर.

अशात सोमवारी बालवाडीच्या तनुजा मॅडमनी चिठ्ठी पाठवली. शनिवारी दुपारी एक वाजता प्रत्येक मुलानं आपलं आवडतं पुस्तक आणायचं, आणि घरातल्या एका मोठ्या माणसानं ते मुलाबरोबर सगळ्यांसमोर वाचायचं. छापील चिठ्ठीत 'वडील किंवा आई' असं होतं. पिंकीच्या चिठ्ठीत मॅडमनी ते पेनानं खोडून 'घरातलं कुणीही' लिहिलं होतं.

आम्रपालीनं चिठ्ठी वाचली, घडी घातली, उलगडली, परत घडी घातली. ते बघवेना म्हणून सुजित बोलून गेला, "मी वाचतो."

(सुजितचे आयुष्यातले सगळे निर्णय असेच झाले होते. शाळा सोडणं, कोंबड्या पाळणं, एकदा कंपनीच्या कबड्डीच्या टीममध्ये नाव देणं. कबड्डीत त्याचा खांदा निखळला, कोंबड्या लक्ष्मणरावांच्या कुत्र्यानं खाल्ल्या.)

"भाऊजी, तुम्ही?" आम्रपालीनं विचारलं.

"का? बारा तर पानं आहेत."

पिंकीनं मान वर करून काकाकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं कुणाकडे असं बघितलं होतं, की आता हे होणार. त्या नजरेपुढं माघार घेणं शक्य नव्हतं.

बुधवारी त्यानं अक्षरं सोडून पुस्तक पहिल्यांदा नीट पाहिलं आणि त्याला घाम फुटला. हत्तीचं पान सुटलेलं, जिराफावर वरणाचा डाग, सिंहाच्या आयाळीत वाळलेली शेवई. हे घेऊन सगळ्या आईबापांसमोर बसायचं? शिफ्ट सुटल्यावर तो तसाच चिंचवडला गेला, पुस्तकांची तीन दुकानं पालथी घातली आणि तेच पुस्तक, कोरं करकरीत, घेऊन आला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला तो कंपनीच्या शिस्तीनं.

सुजित होता क्वालिटीला, मालाला टॅग लावायला. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रिवर्क, परत दुरुस्तीला, लाल म्हणजे रिजेक्ट. तिथला पहिला नियम असा की पार्टचं नवं ड्रॉइंग आलं की जुनं त्याच क्षणी लाइनवरून उचलायचं आणि नष्ट करायचं. दोन्ही राहिली की कुणीतरी जुन्यावरून माल काढतो आणि अख्खा लॉट बाद होतो. हे 'कुणीतरी' एकदा खुद्द सुजितच होता, त्यामुळे हा नियम त्याच्या हाडात मुरला होता. गुरुवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, सकाळी घंटागाडी दारात आली तेव्हा त्यानं नवं पुस्तक फळीवर ठेवलं आणि जुनं अदबीनं गाडीत टाकलं. वर पिंकीला आता आनंदाचा धक्का बसणार म्हणून दिवसभर स्वतःशीच शीळ घालत हिंडला.

धक्का बसला, पाच वाजता. पिंकी उंबऱ्यावर बसली. काका शेजारी बसला, घसा खाकरला आणि नवं पुस्तक उघडून अक्षरावर बोट ठेवून वाचू लागला:

"र... म्... रम्य वनाच्या वाटेवरती आली बस ही लाल,
ग... गजराजाच्या खांद्यावरती शोभे रेशमी शाल."

दोन ओळींना तीन मिनिटं लागली, पण पार पडलं. सुजितनं कपाळ पुसलं.

पिंकी म्हणाली, "हे नाही."

"काय नाही?"

"हे आपलं नाही. आपल्यात हत्ती पॉपकॉर्न खातो."

सुजितनं चित्र पाहिलं. हत्तीच्या सोंडेत पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता. पॉपकॉर्न म्हटलं तर पॉपकॉर्नही दिसत होतं. त्यानं घाईघाईनं पुढची पानं चाळली. जिराफ, माकड, अस्वल. सगळ्यांखाली असल्याच शाल-मखमलीच्या ओळी. आणि शेवटच्या पानावर, गाढवाखाली, एक अक्षर छापलेलं नव्हतं. त्याला वाटलं, दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला. तो तावातावानं आत गेला आणि वहिनीला म्हणाला, पुस्तक बदलून आणतो, हे खोटं आहे.

आम्रपालीनं पुस्तक हातात घेतलं. "खोटं नाही, भाऊजी. जुन्यातही हेच छापलेलं होतं. तुमचे दादा कुठं छापलेलं वाचायचे? ते मनानंच म्हणायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सुजितला माहीत नव्हतं. दादा बारावी पास. दादा वाचतो म्हणजे छापलेलंच वाचतो, असं तो धरून चालला होता. पाच वाजता तो बहुतेक मोबाइलमध्ये तोंड घालून पडलेला असायचा.

"जुनं कुठाय?" आम्रपालीनं विचारलं.

सुजितनं घंटागाडीचं सांगितलं ते सगळ्या लाइनीला कळलं, कारण वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि ते भांडं बराच वेळ वाजत राहिलं.

दादाची मोटरसायकल काढून तो गावाच्या कचरा डेपोवर गेला. तिथं दीड तास त्यानं जे जे उपसलं त्याचं वर्णन न केलेलं बरं. अंधार पडता पडता तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहावीच्या गणिताचं गाईड, एका मोडलेल्या लग्नाच्या न वाटलेल्या पत्रिका आणि वॉशिंग मशिनचं हिंदी माहितीपत्रक होतं. उंबऱ्यावर पिंकी बसली होती. तिनं ते सगळं उघडून पाहिलं आणि नाकाला फ्रॉक लावून परत दिलं.

"काका, रडू नको," ती म्हणाली.

"मी कुठं रडतोय? डोळ्यात काहीतरी गेलंय." (ते खरंही असेल. डेपोवरून आला होता.)

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून शालनबाईंचा आवाज आला. "आली बस, दाबला हॉर्न, हत्ती खातोय पॉपकॉर्न. असंच होतं ना गं, पिंके?"

पिंकी ताडकन उभी राहिली.

शालनबाईंची आणि यांची भिंत एका विटेची. दोन वर्षं रोज पाचला भाजी निवडता निवडता त्यांनी ती बस ऐकली होती. त्या उठून दारात आल्या आणि कंबरेवर हात ठेवून पुढचं म्हणाल्या:

"जिराफभाऊ, मान वाकव,
गेटपास आधी दाखव."

सुजित आत धावला. कागद शोधला तर सापडेना. सापडला तो लाल टॅगांचा गठ्ठा. टॅगांचा नमुना बदलल्यामुळे कंपनीनं बाद केलेला तो गठ्ठा त्यानं पिंकीला चित्रं काढायला म्हणून आणला होता. एका बाजूला ठळक 'रिजेक्ट', दुसरी बाजू कोरी. त्यानं कोऱ्या बाजूवर हत्ती उतरवला, जिराफ उतरवला. दादाच्या गाण्यात जोडाक्षरं फारच कमी होती. जणू त्यानं ती धाकट्या भावाला डोळ्यांसमोर ठेवूनच टाळली होती.

शालनबाईंना मैनेचंही पान येत होतं:

"मैना बोलते भिंतीआडून,
वाटीभर साखर द्या काढून."

म्हणून झाल्यावर त्या थांबल्या. भिंतीकडे पाहिलं, आम्रपालीकडे पाहिलं. "ही मैना म्हणजे मी का गं?"

आम्रपाली पदरात तोंड खुपसून हसत होती. सुजितनं मान वळवली. वहिनी हसताना दिसली आणि आपल्याला उगाच काही बोलायची घाई झाली तर ती थांबेल, अशी त्याला भीती वाटली.

"साखर मी दोनदाच मागितली होती," शालनबाई म्हणाल्या. "आणि त्यातली एकदा परत केली."

बातमी लाइनभर गेली. ज्याला जे येत होतं ते घेऊन माणसं येऊ लागली. शेवटी घरमालक लक्ष्मणराव, धोतराचा सोगा सावरत, स्वतः आले. सुजितला धडकी भरली, कारण अस्वलाचं पान एव्हाना त्याला थोडंथोडं आठवू लागलं होतं. लक्ष्मणराव बाकड्यावर बसले, काठी टेकली आणि डोळे मिटून सुरात म्हणाले:

"अस्वल आलं, अस्वल गेलं,
मोटरचं बटण बंद केलं.
डोळ्यात साबण, बादली रिती,
अस्वलाला सांगावं किती."

सगळी लाइन एकमेकांकडे बघू लागली. पाण्याची मोटर सकाळी साताच्या ठोक्याला बंद करणारा माणूस अख्ख्या निघोज्यात एकच होता.

"आबा," सुजित चाचरत म्हणाला, "दादानं ते सहज म्हणून..."

"सहज न्हाई. ते अस्वल मीच हाय," लक्ष्मणराव म्हणाले. "मला पयल्या दिशीच कळलं. घरी जाऊन म्हातारीला म्हणून दावलं. ती म्हणली, मोटर बंद करू नका, पण गाणं झ्याक हाय."

"मग मोटर का बंद करता?"

"बंद न्हाई केली तर गाण्याला काय अर्थ राहतोय?"

माकडाचं पान खुद्द पिंकीनंच सांगितलं, सुजितच्या पाठीवर लोंबकळत:

"माकडाच्या डब्यात शेव,
सीट माझी धरून ठेव."

सुजितचं पेन थांबलं. दोघं भाऊ एकाच बसनं जायचे. धम्मरत्न डबा भरायला थांबायचा, सुजित पुढं जाऊन शेजारच्या सीटवर बॅग ठेवायचा. चार महिने झाले, तो अजूनही ठेवत होता. कुणी "उचल की भावा" म्हटलं की मग उचलायचा. त्यानं ते पान सगळ्यांत सावकाश लिहिलं.

शुक्रवार सकाळपर्यंत अकरा पानं गोळा झाली. पिंकी इन्स्पेक्शनला होती. एकेक टॅग ती सुजितकडून म्हणवून घ्यायची आणि मान हलवली तरच तो पुस्तकात छापील ओळींवर डकवला जायचा. सिंहाचा टॅग तिनं चार वेळा परत केला. सुजितनं कंपनीतही इतकी कडक तपासणी पाहिली नव्हती.

राहिलं गाढव. ते कुणालाच येत नव्हतं. आम्रपाली म्हणाली, "मी एकदा खोदून विचारलं होतं. मलाही म्हणाले, त्याचं उद्या."

लक्ष्मणरावांनी पुस्तक हातात घेतलं, मागं-पुढं केलं. "धम्मानं समद्यांना बशीत घातलं रं. मी हाय, शालनबाई हाय, तुमचा साहेब सिंव्ह हाय. मग सुज्या, तू कुठंयस?"

बोलता बोलता त्यांनी शेवटचं पान उलटलं. सगळ्यांनी गाढवाकडे पाहिलं, मग सुजितकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनाच एकदम घरी काहीतरी काम आठवलं.

शनिवारी एक वाजता बालवाडीत सतरंजीवर वीस-बावीस मुलं आणि भिंतीला टेकून त्यांचे आईबाप होते. सुजितची त्या दिवशी दुसरी शिफ्ट. बस सव्वादोनला, तीही बालवाडीच्या खिडकीसमोरच्याच स्टॉपवरून. तो युनिफॉर्मवरच आला होता. दारात आम्रपाली उभी, तिच्यामागं इस्त्रीचा सदरा घालून लक्ष्मणराव. आपलं पान कसं वाचतात ते ऐकायला ते मुद्दाम स्कूटरवरून आले होते.

त्याच्या आधी एका वडिलांनी सशाचं पुस्तक असं वाचलं की ससा बातम्या देतोय असं वाटलं. मग पिंकीचं नाव आलं. सुजित सतरंजीवर बसला, पिंकी मांडीवर, पुस्तक तिच्या मांडीवर. पान उघडल्यावर तनुजा मॅडमनी वाकून पाहिलं. पानोपानी लाल टॅग, आणि ओल्या डिंकाचे टॅग आधी चित्रावर टेकून मग खाली सरकवल्यामुळे प्रत्येक प्राण्याच्या तोंडावर 'रिजेक्ट'चा उलटा शिक्का.

सुजितनं पहिल्या टॅगकडे पाहिलं. त्याला त्याचं स्वतःचं अक्षर लागेना.

"आ...ली..." तो म्हणाला आणि थांबला. कुणाची तरी आई खोकली.

पिंकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं त्याचा हात उचलून पानाच्या कोपऱ्यावर ठेवला, म्हणजे तुझं काम उलटायचं, आणि स्वतः सुरू केलं. आवाज खणखणीत. हॉर्न, पॉपकॉर्न, जिराफ, गेटपास. माकडाशी मुलं टाळ्या वाजवू लागली. अस्वलाशी लक्ष्मणरावांनी दारातूनच तिसरी ओळ उचलली, आणि चौथी ओळ चक्क सगळ्या वर्गानं म्हटली. सुजित पानं उलटत होता. दादाचा आवाज एवढ्याशा गळ्यात कसा मावला असेल, याचा तो विचार करत होता, आणि त्या नादात त्यानं दोन पानं एकदम उलटली. पिंकीनं हातावर चापट मारली.

मग शेवटचं पान आलं. कोरं. एका पोरानं विचारलंच, "गाढव का हसतंय?"

सगळा वर्ग सुजितकडे पाहू लागला. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते त्याचं नव्हतं. "त्याचं उद्या," तो म्हणाला.

"उद्या नको, काका," पिंकी हळूच म्हणाली. "उद्या कधीच येत नाही."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सव्वादोन. तो उठला, पुस्तक मॅडमच्या हातात कोंबलं, मुलांच्या डब्यांवरून उड्या टाकत दार गाठलं, एक चप्पल घातली, दुसरी हातात घेतली आणि पळाला. रस्ता ओलांडेपर्यंत बस हलली होती. त्यानं मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस गेली. धूळ तेवढी राहिली.

हातात चप्पल घेऊन तो स्टॉपवर उभा राहिला. खाडा पडणार होता. जे तोंडावर आलं होतं ते बोलण्यासाठी त्यानं श्वासही घेतला, आणि मग समोर लक्ष गेलं. बालवाडीच्या खिडकीच्या गजांना वीस-बावीस तोंडं चिकटली होती. मधोमध पिंकी होती. ती निघून गेलेल्या बसकडे बघत होती, मग काकाकडे, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली होती.

ते बघवेना म्हणून (हाही निर्णय तसाच झाला) सुजितनं चप्पल टाकली, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तो हसला. चित्रात होतं अगदी तसा, तोंड आभाळाकडे करून, दात काढून, सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल असा. आधी खोटं खोटं, मग कसं कोण जाणे, खरंच. खिडकीत पिंकीची हनुवटी थांबली. ती त्याच्याकडे बोट दाखवून वर्गाला ओरडून सांगत होती, "गाढव! गाढव! आमचं गाढव!" आणि तिच्यामागं आम्रपाली हसत उभी होती.

सुजितच्या मनात आलं, गाढवाचंही असंच काही असेल. खिडकीतून कुणीतरी बघत असेल, आणि... पण हा विचार पुरा व्हायच्या आत त्याच्या पुढ्यात एक स्कूटर करकचून थांबली.

"बस चुकली व्हय?" लक्ष्मणराव म्हणाले. "बस मागं. गेटवर सोडतो. पुढच्या चौकातनं गेलो तर बशीच्या आधी पोचशील."

"आबा, राहू द्या ना आज. खाडा तर खाडा."

"खाडा कशापायी? तरणाताठा गडी तू. बस म्हणतो ना."

अस्वलापुढं गाढवाचं काही चाललं नाही. एका पायात चप्पल, दुसरी उचलून कडेवर घेतल्यासारखी धरलेली, सुजित मागं बसला. स्कूटर हलली तशी खिडकीतून पिंकीची बातमी आली की अस्वल गाढवाला कामावर घेऊन चाललंय, आणि सगळा वर्ग आनंदानं किंचाळला. वळण येईपर्यंत खिडकी दिसत होती. तेवढ्या वेळात त्याला त्यांच्यासाठी एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती त्यानं केली. तो स्कूटरवर उलटा फिरला, चप्पल मांडीखाली दाबली, दोन्ही हात डोक्याला लावून लांब कान केले आणि वळण संपेपर्यंत हलवत राहिला.